अनुदानाचे यंत्र आणि ते चालवणारी माणसे : ग्रामीण विदर्भात उद्योजकता शिकवायची म्हणजे काय?

विदर्भातल्या जवळपास प्रत्येक तालुक्यात वर्षातून काही वेळा उद्योजकता प्रशिक्षण भरते. पंचायत समितीच्या सभागृहात किंवा एखाद्या महाविद्यालयात बचत गटांच्या महिला आणि बेरोजगार तरुण जमतात. कोणत्या योजनेत किती टक्के अनुदान आहे, अर्ज कोठे भरायचा, प्रकल्प अहवालाला कोणती कागदपत्रे जोडायची आणि यंत्र कोणाकडून घ्यायचे, एवढी माहिती त्यांना दिली जाते आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली जातात. ही माहिती आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु एकाच योजनेतून, एकाच बनावटीचे यंत्र घेतलेल्या दोन गावांपैकी एका गावात ते दिवसभर चालते आणि दुसऱ्या गावात दोन हंगामांतच ताडपत्रीखाली जाते, याचे कारण या माहितीत सापडत नाही. ते यंत्राभोवतीच्या माणसांत सापडते. पुढचे चित्र धूसर असताना निर्णय कसा घ्यायचा आणि त्या निर्णयामागे इतरांना कसे उभे करायचे, या दोन गोष्टी त्यांना येतात की नाही, यावर सगळे अवलंबून असते. अभ्यासक या दोन्हींना मिळून उद्योजकीय नेतृत्व म्हणतात. ते जन्मजातच असावे लागते असा समज आपल्याकडे आहे. ते बऱ्याच प्रमाणात शिकवता येते, मात्र आज ज्या पद्धतीने आपण शिकवतो त्या पद्धतीने नव्हे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

धोका पत्करणे आणि धोका बेतणे

ग्रामीण माणसात धाडस नाही, तो नोकरीच्या मागे लागतो, असे भाषणांतून वारंवार ऐकू येते. विदर्भापुरते तरी हे विधान अन्यायाचे आहे. मृगाच्या भरवशावर जूनमध्ये कपाशीची सरकी टोबणारा, दुबार पेरणीचे संकट डोक्यावर असताना कृषी केंद्रातून उधारीवर खत उचलणारा आणि दिवाळीनंतर भाव काय निघेल याचा अंदाज नसतानाही वावर पडीक न ठेवणारा कोरडवाहू शेतकरी जेवढा धोका पत्करतो, तेवढा शहरातले फार थोडे व्यावसायिक पत्करत असतील. फरक आहे तो धोक्याच्या जातीत. शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा धोका एकदम आणि पूर्ण येतो, कारण पाऊस आणि बाजारभाव या दोन्हींवर त्याची सत्ता नसते. उद्योजक मात्र धोक्याचे तुकडे करतो. पहिल्या तुकड्यात किती बुडाले तरी आपले घर चालेल हे तो आधी ठरवतो, त्यातून काय शिकायला मिळाले ते पाहतो आणि मगच दुसऱ्या तुकड्याला हात घालतो. उद्योजकतेच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी २००१ साली मांडलेल्या सिद्धांतात या गोष्टीला मध्यवर्ती स्थान आहे. नफा किती होईल या अंदाजापेक्षा तोटा किती सोसेल हे आधी ठरवावे, आणि आपण कोण आहोत, आपल्याला काय येते, आपल्या ओळखीचे कोण आहे, या हाताशी असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करावी, असे अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून त्यांनी दाखवले. गावातल्या माणसाला हे नवीन वाटणार नाही. मात्र आपल्या प्रकल्प अहवालात नेमके उलटे शिकवले जाते, म्हणजे पाच वर्षांच्या नफ्याचे आकडे आधी भरायचे आणि तोटा किती झेपेल याचा रकानाच नसतो.

नेतृत्वाचा भाग यानंतर येतो. गुप्ता, मॅकमिलन आणि सुरी या अभ्यासकांनी २००४ मध्ये उद्योजकीय नेतृत्वाची दोन कामे सांगितली. आज जे अस्तित्वात नाही त्याचे असे चित्र उभे करणे, जे धाडसाचे असेल पण अशक्य वाटणार नाही, हे पहिले काम. ते चित्र प्रत्यक्षात आणण्यासाठी लागणारी माणसे गोळा करून, ते त्यांना आपलेच वाटेल असे करणे, हे दुसरे.

या दोन्ही कामांचे जुने उदाहरण नागपुरातच आहे. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई असा संकेत होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गाठींमधून मुंबईला जायचा आणि तिथे त्याचे सूत निघायचे. कापूस जिथे पिकतो, कोळसा जिथून जवळ आहे आणि रेल्वे जिथे पोहोचली आहे तिथेच गिरणी का काढू नये, हा विचार आज साधा वाटतो, पण तेव्हा तो प्रचलित समजुतीच्या विरुद्ध होता. गिरणी उभी राहिल्यावर दुसरी अडचण आली. बारा महिने ठरल्या वेळी भोंग्यावर कामाला येण्याची सवय इथल्या मजुरांना नव्हती आणि गैरहजेरी मोठी होती. त्यावर नुसती दंडाची कुऱ्हाड न चालवता कामगाराला गिरणीत टिकून राहावेसे वाटावे अशा सोयी आणि बक्षिसे देण्याचा मार्ग तिथे घेतला गेला. निवृत्तिवेतन निधी, अपघात झाल्यास भरपाई या गोष्टी तिथे कायद्याने बंधनकारक होण्याच्या फार आधी आल्या. यंत्रे तर पैसे मोजून कोणालाही आणता आली असती.

डाळ मिलचा हिशेब

गिरणीचे उदाहरण मोठे झाले. गावपातळीवर हेच कसे घडते ते पाहण्यासाठी विदर्भाला सर्वांत परिचित असा उद्योग घेऊ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आता अनेक गावांत पोहोचली आहे. अकरा महिलांच्या एखाद्या बचत गटाने ती घेतली आहे असे समजू.

काम दिसते तितके सोपे नाही. तूर आधी चाळून-निवडून घ्यायची, मग ती यंत्राच्या खरबरीत रुळातून काढून टरफलाला ओरखडे पाडायचे, तिला गोडेतेल चोळून ठेवायचे, उन्हात वाळवायचे, पाण्याचा हबका देऊन पुन्हा वाळवायचे आणि मग भरडायचे. ऊन कमी पडले की टरफल डाळीला चिकटून राहते, जास्त तापली की डाळ फुटून चुनी, म्हणजे डाळीचा बारीक चुरा, वाढते. तूर मुठीत घेऊन, दाताखाली फोडून ‘आता झाली’ असे सांगणारी एक तरी बाई गटात असावी लागते. ही जाण हाताने येते, ती कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नसते.

आता पैशाकडे येऊ. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते प्रत्येक हंगामात बदलतील. एक क्विंटल तूर ७५ रुपये किलोने ७,५०० रुपयांना घेतली. तिच्यातून ७२ किलो डाळ निघाली आणि ती १२५ रुपयांनी विकली तर ९,००० रुपये आले. २४ किलो चुनी-भुसा २० रुपयांनी गेला, त्याचे ४८० रुपये झाले. एकूण ९,४८० मधून तुरीची किंमत वजा केली की १,९८० उरतात. वीज, तेल, पिशव्या, लेबल आणि वाहतूक यांचे ६०० रुपये काढले की १,३८० रुपये हातात राहतात. गटाच्या बैठकीत इथे हिशेब थांबतो आणि सगळ्यांना समाधान वाटते. परंतु निवडण्यापासून पिशव्या भरण्यापर्यंत तीन महिलांचे दोन दिवस गेलेले असतात. २५० रुपये रोजाने त्यांची मजुरी १,५०० रुपये होते. म्हणजे प्रत्यक्षात गटाने १२० रुपये तोटा सोसून डाळ विकली आहे. त्या तिघी दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेल्या असत्या तर अधिक कमावून आल्या असत्या.

ग्रामीण उद्योग बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते या न लिहिलेल्या मजुरीत आहे. घरच्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, श्रम फुकट धरले की कोणताही धंदा नफ्यात दिसतो. काही महिन्यांनी कामाला येणाऱ्यांची संख्या हळूहळू कमी होऊ लागते आणि मग ‘बायकांत एकी नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तिथे प्रश्न एकीचा नसतो. मजुरी सुटत नाही हे हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसले तरी त्या बाईला ते पक्के कळलेले असते.

आता तेच तीन महिलांचे दोन दिवस, परंतु एका वेळी तीन क्विंटल तूर घेतली आहे असे धरू, कारण वाळवणे आणि राखण यांना लागणारा वेळ एका क्विंटलला आणि तीन क्विंटलला जवळपास सारखाच असतो. मजुरीपूर्वीची शिल्लक ४,१४० रुपये होते आणि १,५०० रुपये मजुरी देऊनही २,६४० रुपये उरतात. यातून कर्जाचा हप्ता आणि यंत्राची दुरुस्ती निघू शकते. म्हणजे हा उद्योग तुरीच्या एका ठरावीक प्रमाणाखाली चालूच शकत नाही आणि त्या प्रमाणावर गेला की चालतो. ही सीमारेषा शोधणे हे प्रशिक्षणाचे पहिले काम असायला हवे.

सीमारेषा सापडली की लगेच दुसरी अडचण उभी राहते. डाळीला ऊन लागते, म्हणून पावसाळा सोडून वर्षाचे साधारण ३४ आठवडे धरले आणि दर आठवड्याला तीन क्विंटलची एक खेप काढायची म्हटली तर १०२ क्विंटल तूर लागते. ती काढणीच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, एकदम घेऊन ठेवायची तर ७ लाख ६५ हजार रुपये हवेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवण्यात आले आणि अन्नप्रक्रियेत असलेल्या बचत गटाच्या सदस्याला खेळते भांडवल व लहान अवजारांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूदही झाली. तरतूद चांगली आहे. तरीही अकरा जणींचे मिळून ते ४ लाख ४० हजार होतात आणि तूर साडेसात लाखांच्या पुढची आहे. खेडा खरेदी करणारा व्यापारी मात्र रोख घेऊन गावात उभा असतो. ज्या शेतकऱ्याला मुलीचे लग्न किंवा सोसायटीचा भरणा उरकायचा आहे, तो गटाच्या ‘पुढच्या महिन्यात देतो’ या शब्दावर तूर घालणार नाही. आणि त्याने घालावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

उद्योजकीय नेतृत्व म्हणजे काय हे या टप्प्यावर उघड्या डोळ्यांनी पाहता येते. एक गट कर्जमंजुरीची वाट पाहत बसतो आणि यंत्र ताडपत्रीखाली जाते. दुसऱ्या गटातली एखादी बाई विचारते, की तूर आपल्याच मालकीची कशाला हवी? फाल्गुन-चैत्रात गावातल्या प्रत्येक घरी वर्षाची डाळ करायची असते. ज्याची तूर त्याने आणावी, आपण किलोमागे भरडाई घेऊन डाळ करून द्यावी. यात भांडवल अडकत नाही, भाव पडण्याची भीती राहत नाही, दोन हंगामांत हात बसतो, डाळ कशी निघते हे पंचक्रोशीला कळते आणि वहीत रोजच्या व्यवहाराची नोंद तयार होते. त्यानंतर शिल्लक पडलेल्या पैशातून आधी दहा, मग वीस क्विंटल तूर स्वतः घ्यावी. हाताशी असलेल्या गोष्टींपासून सुरुवात आणि सोसेल एवढाच तोटा, हा वर सांगितलेला सिद्धांत त्या बाईने कधी वाचलेला नसतो, पण तिच्या डोक्यात तोच चालू असतो.

एवढ्याने तिचे काम संपत नाही, खरे तर इथून ते सुरू होते. कापूस वेचणीच्या दिवसांत किलोवर रोख मजुरी मिळते, तेव्हा मिलवर कोण थांबणार हे ठरवावे लागते. बाजाराच्या गावी डाळ घेऊन जायला कोणाच्या घरून मोकळीक आहे, कोणाच्या सासूबाईंना आधी भेटून समजवावे लागेल, कोणाला आकडेमोड चांगली येते पण बोलायची भीड वाटते, हे सगळे तिला माहीत असते आणि त्याप्रमाणे ती कामे वाटते. अध्यक्षबाईच सही करतात, त्याच बँकेत जातात, त्याच व्यापाऱ्याशी बोलतात, असा गट बाहेरून कितीही कर्तबगार दिसला तरी त्या आजारी पडल्या की बंद पडतो.

बाजाराच्या व्यवस्था जिथे अपुऱ्या असतात

विकसित देशांतली पाठ्यपुस्तके जशीच्या तशी इथे का चालत नाहीत, याचे उत्तर याच उदाहरणात आहे. प्रगत अर्थव्यवस्थेत नवीन उद्योग काढणाऱ्याच्या आजूबाजूला पतपुरवठा, विमा, मालाची प्रतवारी, गोदाम, वाहतूक, वेळेत निकाल देणारी न्यायव्यवस्था या गोष्टी आधीच उभ्या असतात. आपल्याकडे त्यांतल्या अर्ध्या नसतात किंवा तालुक्यापर्यंत येऊन थांबतात. वीज ठरावीक तासांनाच पूर्ण दाबाने येते, उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे बुडाले तर दाद मागण्याचा खर्च बुडीत रकमेपेक्षा मोठा असतो. त्यामुळे इथल्या उद्योजकाला आपल्या मालाबरोबर या पोकळ्याही स्वतःच भराव्या लागतात आणि त्या भरण्याचे त्याच्याकडचे मुख्य साधन म्हणजे नातेसंबंध आणि विश्वास. विकसनशील देशात उद्योजकता आणि नेतृत्व हे दोन विषय वेगवेगळे शिकवता येत नाहीत, ते यामुळेच.

आणखी एक भेद इथे ध्यानात ठेवायला हवा. गावातली पानटपरी, शिलाई यंत्र, किराणा दुकान यांतले बरेचसे व्यवसाय संधी दिसली म्हणून काढलेले नसतात, दुसरा मार्ग नव्हता म्हणून काढलेले असतात. त्यांत कमीपणा काहीच नाही, पण त्या प्रत्येकाने वाढून दहा जणांना रोजगार द्यावा अशी अपेक्षा धोरण आखणाऱ्यांनी ठेवू नये. अशा कुटुंबांना उत्पन्न स्थिर ठेवण्याचे शिक्षण हवे आणि ज्यांना वाढायचे आहे त्यांना वेगळे शिक्षण हवे. दोघांना एकाच सभागृहात बसवून एकच व्याख्यान दिल्याने दोघांचाही दिवस वाया जातो.

शिकवून येते का?

येते, असे सांगणारे पुरावे आहेत आणि त्यांतला एक जुना पुरावा त्या काळी आपल्या शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशातला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये काकीनाडा शहरातल्या लहान व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. त्यात हिशेब किंवा तंत्रज्ञान नव्हते. स्वतःपुढे मध्यम अवघड, मोजता येईल असे ध्येय ठेवणे आणि परिणामाची जबाबदारी स्वतःकडे घेणे, याचा सराव होता. पुढच्या काळात प्रशिक्षण घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा अधिक गुंतवणूक केली आणि अधिक लोकांना कामाला लावले, असे त्यांना आढळले. भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणाचा पाया या प्रयोगानंतर घातला गेला. पुढे १९८३ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय पातळीची संस्था आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघाले.

अलीकडचा पुरावा अधिक काटेकोर आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या देशात १,५०० लहान व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करण्यात आले. एका गटाला हिशेब, विपणन, वित्त असे नेहमीचे व्यवसाय प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाला पुढाकार घेण्याचे, म्हणजे कोणी सांगण्याआधी सुरुवात करणे, शेजाऱ्यापेक्षा वेगळे काय देता येईल याचा शोध घेणे आणि अडथळा आल्यावर दुसरी वाट काढणे यांचे प्रशिक्षण दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढच्या दोन वर्षांत पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाच्या गटातली वाढ ११ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित म्हणता येईल अशी नव्हती. टोगो म्हणजे विदर्भ नव्हे आणि तिथला आकडा इथे जसाच्या तसा येईल असे मानू नये. तरीही भरडाईची युक्ती सुचणाऱ्या बाईकडे जे होते ते शिकवता येते, एवढे यातून नक्की दिसते.

हिशेब शिकवायचाच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये लहान कर्जदारांवर झालेल्या एका प्रयोगात काहींना रीतसर लेखाशास्त्र शिकवले, तर काहींना फक्त साधे नियम सांगितले. घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळ्या जागी ठेवा, घरखर्चाला घेतलेली रक्कम लिहून ठेवा, अशा धाटणीचे ते नियम होते. लेखाशास्त्राचा फारसा परिणाम दिसला नाही. साध्या नियमांचा दिसला. आपल्या प्रशिक्षणात ताळेबंदाची व्याख्या फळ्यावर लिहून घेण्याऐवजी प्रत्येक गटाला दोन डबे आणि एक वही देऊन महिनाभराने ती वही तपासली, आणि तिच्यात मजुरीचा रकाना सक्तीचा केला, तरी पुष्कळ साधेल.

तिसरा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. अहमदाबादला ‘सेवा’ या स्वयंरोजगारी महिलांच्या संघटनेच्या बँकेतल्या महिला ग्राहकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. काही जणींना एकटीला बोलावले, काहींना मैत्रिणीला बरोबर आणायला सांगितले. ज्या मैत्रिणीसह आल्या त्यांनी पुढे व्यवसायासाठी अधिक कर्ज घेतले आणि त्यांच्या घरचे उत्पन्नही वाढलेले आढळले. ज्या समाजांत बायकांच्या बाहेर पडण्यावर अधिक बंधने आहेत, तिथल्या महिलांना याचा विशेष लाभ झाला. तालुक्याच्या गावी एकटीने जाणे ज्या घरात अजून चर्चेचा विषय होतो, अशा गावांसाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. गटातून फक्त अध्यक्ष-सचिवांना प्रशिक्षणाला बोलावण्याची रीत बदलावी. यासाठी कोणताही जास्तीचा निधी लागत नाही, फक्त दोन ताटे वाढतील.

वर्धा आणि गडचिरोलीकडे पाहताना

या विषयात विदर्भाला बाहेरून सगळे उसने आणण्याची गरज नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती सुरू झाले, तेव्हा तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांची अवजारे सुधारणे आणि गावकऱ्यांना ती चालवायला शिकवणे हे एकाच आवारात चालत असे. आज त्याच परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच झालेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. हातातल्या उत्पादक कामातून गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवावे आणि त्या कामातून शाळेचा खर्च शक्य तितका भागवावा, असा तिचा आग्रह होता. खर्च भागवण्याच्या मुद्द्यावर तेव्हाच वाद झाला, मुलांच्या श्रमांवर शाळा चालवायची का हा आक्षेप योग्यही होता. पण शाळेत होणारे काम खरे असावे, त्याची किंमत खऱ्या माणसाने मोजावी आणि तोटा आला तर तो का आला हे मुलांनी शोधावे, हा त्यातला गाभा टिकवण्यासारखा होता. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची आणि दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली आहे. ते दहा दिवस एखाद्या जिनिंगला भेट देऊन आणि तिच्यावर निबंध लिहून संपवायचे, की त्या दिवसांत मुलांनी आपल्याच गावातल्या मिलचा खर्च मांडायचा, हे प्रत्येक शाळेला ठरवता येईल.

नेतृत्व एका माणसात नसून सबंध गावात असू शकते, हे पाहायचे तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा गाव आहे. तिथे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात आणि निर्णयाआधी अभ्यास गटात त्या विषयाची चर्चा होते. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. ठेकेदाराशी करार करणे, आगाऊ रक्कम किती घ्यायची, त्याने पैसे थकवले तर काय, मजुरी आणि नफा यांची वाटणी कशी, हे प्रश्न कोणत्याही कंपनीच्या संचालक मंडळापुढे असतात तेच आहेत. अभ्यास गटात महिनोन्‌महिने बसून लोकांनी कायदा आणि हिशेब समजून घेतला, त्याला मी उद्योजकता शिक्षणच म्हणेन. सर्वसहमतीला वेळ लागतो, आणि लिलावाच्या मोसमात तो वेळ महाग पडू शकतो, ही त्या पद्धतीची मर्यादाही मानली पाहिजे.

प्रशिक्षणानंतरची दोन वर्षे

शेवटचा मुद्दा पाठपुराव्याचा आहे. कर्नाटकात उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या नमुन्यावर आता बहुतेक जिल्ह्यांत बँकांमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालतात. त्यांच्या रचनेत अल्पकालीन निवासी प्रशिक्षणानंतर दोन वर्षे सोबत राहण्याची तरतूद आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाची तरतूद हीच आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते, कारण अहवालात प्रशिक्षण घेतलेल्यांची संख्या मागितली जाते. दोन वर्षांनी किती उद्योग चालू आहेत, त्यांनी किती रोजंदारी दिली आणि स्वतःच्या सदस्यांना बाजारभावाने मजुरी दिली का, हे विचारले जात नाही. विचारले जाऊ लागले की शिकवण्याची पद्धत आपोआप बदलेल.

उमेद (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या महिन्याला गटात जातातच. त्यांनी त्या भेटीत बचतीच्या वहीसोबत मजुरीचा रकाना असलेली उद्योगाची वही पाहिली, आणि बँकेने खेळत्या भांडवलाचे कर्ज देताना प्रकल्प अहवालातल्या पाच वर्षांच्या अंदाजाऐवजी भरडाईच्या दोन हंगामांची ती वही ग्राह्य धरली, तर फेब्रुवारीत व्यापाऱ्याच्या बरोबरीने रोख घेऊन तुरीच्या ढिगापाशी उभे राहणे गटाला शक्य होईल.